उन्हाळ्यातली पाठशाळा : बघायला शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमाची कथा

पुण्याच्या उन्हाळ्याला शिकण्याची सवय जुनी आहे. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने या शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या, संध्याकाळी जरा वारा सुटला, की माणसे व्याख्यानाला जाऊन बसत. त्याला परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. तरी इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा, विज्ञान अशा विषयांवर तासभर ऐकून घरी जाताना वाद घालायचा, हे शिक्षणच होते. एका अर्थी ती लोकांची उन्हाळी पाठशाळा होती आणि तिने महाराष्ट्रात एक जाणता श्रोता घडवला.

त्यानंतर सुमारे शतकभराने याच शहरात आणखी एक उन्हाळी पाठशाळा भरू लागली. मे-जूनच्या काहिलीत देशभरातून प्राध्यापक, पत्रकार, फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते, बँकांतले आणि सरकारी कचेऱ्यांतले हौशी पदवीधर लॉ कॉलेज रस्त्यावर जमायचे आणि महिनाभर अंधारात बसून चित्रपट पाहायचे. सकाळी व्याख्यान, दुपारी चित्रपट, संध्याकाळी पुन्हा चित्रपट आणि मग रात्री उशिरापर्यंत वाद. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या दोन शेजारी संस्थांनी मिळून चालवलेला हा चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम. रानड्यांच्या व्याख्यानमालेने श्रोता घडवला असेल, तर या अभ्यासक्रमाने प्रेक्षक घडवायचे मनावर घेतले होते.

आज संज्ञापन आणि माध्यमे हा विषय कॉलेजाकॉलेजांतून शिकवला जातो. त्याच्या पदव्या आहेत, विभाग आहेत, प्रवेशासाठी रांगा आहेत. अशा वेळी या महिनाभराच्या, पदवी न देणाऱ्या अभ्यासक्रमाचा इतिहास का सांगायचा? एक प्रश्न त्याने जितक्या स्वच्छपणे विचारला तितका आपल्या माध्यमशिक्षणात पुढे फारसा विचारला गेला नाही, म्हणून. तो प्रश्न असा : माध्यम बनवायला शिकवणे आणि माध्यम वाचायला शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? आणि असतील तर दुसरी गोष्ट कोणी, कोणाला आणि कोणत्या भाषेत शिकवायची?

समितीने काय मागितले

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, केंद्र सरकारने चित्रपट उद्योगाची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. मुंबईचे काँग्रेस नेते स. का. पाटील तिचे अध्यक्ष होते. प्रभात सोडून स्वतःची राजकमल कलामंदिर ही संस्था उभारलेले व्ही. शांताराम आणि कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार हे तिचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला. उद्योगात आलेला सट्टेबाजीचा पैसा, स्टुडिओंची मोडत चाललेली व्यवस्था, करांचे ओझे या सगळ्याची त्यात चर्चा होती. चित्रपटांना अर्थसाहाय्य देणारे महामंडळ हवे, तंत्र शिकवणारी संस्था हवी, जुने चित्रपट जपणारे संग्रहालय हवे, अशा मागण्या त्यातून पुढे आल्या.

सरकारी गती सर्वांच्या परिचयाची आहे. वित्त महामंडळ आणि फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये उभे राहिले आणि संग्रहालय फेब्रुवारी १९६४ मध्ये. इन्स्टिट्यूटला जागा मिळाली ती पुण्याच्या प्रभात स्टुडिओची. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली होती. 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे तिचे चित्रपट याच आवारात तयार झाले. पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली आणि जिथे मराठी चित्रपटाची तुतारी घुमली तिथे छायालेखन, संकलन, ध्वनिमुद्रण, दिग्दर्शन यांचे वर्ग भरू लागले. शांतारामांच्या समितीने मागितलेली शाळा शांतारामांच्याच जुन्या अंगणात भरली, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

निर्माता, तंत्रज्ञ, भांडवल आणि संग्रह या सगळ्यांचा विचार झाला होता. चित्रपट बघणारा माणूस मात्र या यादीत तिकिटाचे पैसे देणारा म्हणून आला होता, किंवा ज्याच्या नीतीची सेन्सॉर बोर्डाने काळजी घ्यावी असा अजाण जीव म्हणून आला होता. त्याला काही शिकायचे असेल, हे कोणत्याही सरकारी फायलीतून सुचलेले नव्हते.

आग्र्याचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक

ही गोष्ट सुचली ती फायलीबाहेरच्या माणसांना. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि तो पुढे इतर महानगरांतही गेला. व्हित्तोरिओ डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' आपल्याकडच्या अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नट नसलेली माणसे, स्टुडिओ नसलेले रस्ते आणि हरवलेल्या सायकलीएवढी गोष्ट. चित्रपट म्हणजे काय याची व्याख्याच त्या आठवड्यात बऱ्याच जणांसाठी बदलली. १९५९ मध्ये निरनिराळ्या शहरांतल्या सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले.

याच दशकात मेरी सीटन नावाची ब्रिटिश लेखिका भारतात आली. सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइनचे चरित्र तिने लिहिले होते. पुढे तिने सत्यजित राय यांचेही चरित्र लिहिले. ती गावोगाव हिंडून चित्रपट दाखवायची आणि त्यावर बोलायची. साहित्यावर आस्वादाचे वर्ग घेतात, चित्रावर घेतात, मग चित्रपटावर का नाहीत, असा तिचा साधा आग्रह होता.

आग्र्याला अर्थशास्त्र शिकवणारे सतीश बहादूर यांनी तिथे फिल्म सोसायटी चालवली होती. मागणी-पुरवठ्याचे आलेख काढणारा हा माणूस हळूहळू चित्रपटाच्या रचनेत गुंतत गेला. १९६३ मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कॅमेरा कसा धरायचा हे शिकवणारे शिक्षक संस्थेत होतेच. बहादूर यांचे काम वेगळे होते. पडद्यावर जे आहे ते आपल्याला जसे वाटते तसे का वाटते, हे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवून द्यायचे होते.

त्यांची पद्धत अर्थशास्त्राच्या शिक्षकाला शोभेल अशीच काटेकोर होती. एकच चित्रपट घ्यायचा, तो पूर्ण पाहायचा आणि मग पुन्हा तुकड्यातुकड्याने पाहायचा. एकेक दृश्य थांबवून विचारायचे की कॅमेरा इथे का आहे, तिथे का नाही. हा आवाज कुठून आला. मघाशी दिसलेली वस्तू आता पुन्हा का दिसते. 'पथेर पांचाली' हा त्यांचा आवडता पाठ्यग्रंथ. राय यांच्या अपू-चित्रत्रयीवर त्यांनी पुण्याच्या मानसशास्त्रज्ञ आणि चित्रपट-अभ्यासक श्यामला वनारसे यांच्यासह पुढे दीर्घ अभ्यास केला.

ही पद्धत कशी चालते ते एका उदाहरणावरून कळेल. 'पथेर पांचाली'त मिठाईवाला गावातून जातो. त्याच्यामागे दुर्गा, तिच्यामागे अपू आणि सर्वांत मागे एक कुत्रा. ही छोटीशी मिरवणूक आपल्याला तळ्याच्या पाण्यात उलटी दिसते. पहिल्यांदा पाहताना आपण हसतो आणि पुढे जातो. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते की मुलांकडे मिठाईला पैसे नाहीत. त्यांच्या वाट्याला मिठाई येते ती अशीच, पाण्यातल्या सावलीसारखी. तिसऱ्यांदा पाहताना तळे लक्षात राहते. मग शेवटाकडे, दुर्गा गेल्यानंतर, अपूला तिने चोरलेली माळ सापडते आणि तो ती तळ्यात फेकतो. शेवाळ बाजूला होते आणि पुन्हा मिटते. तेव्हा सुरुवातीचे ते हसरे पाणी आठवून अंगावर काटा येतो. दिग्दर्शकाने हे कुठेही बोलून दाखवलेले नाही. प्रेक्षकाने ते जोडायचे असते आणि जोडायला शिकता येते, एवढेच बहादूर यांचे म्हणणे होते.

शेजारचा संग्राहक

शिक्षक असला तरी ग्रंथ हवेत. साहित्याच्या प्राध्यापकाला ग्रंथालय असते. चित्रपटाच्या प्राध्यापकाला काय? दूरदर्शन अजून मुंबईतही आले नव्हते, ते २ ऑक्टोबर १९७२ ला आले. व्हिडिओ कॅसेट तर दूरच. एखादा चित्रपट गावातल्या टॉकीजमधून उतरला की तो पुन्हा दिसेल याची खात्री नसे. ज्याचा मजकूर हाताशीच नाही, त्या कलेचा अभ्यास करणार कसा?

हे उत्तर शेजारच्या संग्रहालयात होते आणि त्याचे नाव पी. के. नायर. १९३३ मध्ये तिरुवनंतपुरम येथे जन्मलेला हा गृहस्थ लहानपणी चित्रपटाची तिकिटे जपून ठेवायचा. चित्रपट बनवायचे म्हणून मुंबईला आला, बड्या दिग्दर्शकांच्या आसपास राहिला आणि लवकरच ओळखून चुकला की आपली जागा कॅमेऱ्यामागे नाही. १९६५ मध्ये तो संग्रहालयात सहायक क्युरेटर म्हणून आला आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. या काळात त्याने सुमारे १२,००० चित्रपट जमवले.

तो किती प्रतिकूल परिस्थितीत जमवत होता हे लक्षात घ्यायला हवे. जुन्या कृष्णधवल फिल्मवर चांदीचा अंश असे. चित्रपट चालून संपला की त्याच्या प्रती धुऊन चांदी काढून घेण्याचा धंदा होता. नायट्रेट फिल्म तर भयंकर ज्वालाग्राही. हजाराहून अधिक भारतीय मूकपटांपैकी आज बोटांवर मोजता येतील एवढेच सलग उरले आहेत. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, कुठेच नाही. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन' यांचा जो भाग आज पाहायला मिळतो तो नायर यांच्या शोधाशोधीमुळे. फाळके नाशिकचे. त्यांच्या चित्रपटांची भेंडोळी कुटुंबीयांकडून आणि इतर ठिकाणांहून गोळा करून ती पुण्यात जुळवली गेली, म्हणून आज आपण मंदाकिनी फाळकेचा कालियावर नाचणारा बाळकृष्ण पाहू शकतो.

नायर यांची एक सवय त्यांना ओळखणारे सगळे सांगतात. अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसून ते छोट्या टॉर्चच्या उजेडात वहीत टिपणे काढत. कोणत्या रिळात काय आहे, प्रत कुठे तुटली आहे, सारे त्यात असे. शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांच्या 'सेल्युलॉइड मॅन' या २०१२ च्या माहितीपटाने ही व्यक्ती जगापुढे नेली.

बहादूर आणि नायर ही जोडी जमली आणि उन्हाळी पाठशाळेचा पाया पडला. एकाकडे पद्धत, दुसऱ्याकडे पोथ्या. सत्तरच्या दशकात हा अभ्यासक्रम दर उन्हाळ्यात होणारी गोष्ट म्हणून स्थिरावला. उन्हाळाच का, याचे कारण साधे होते. ज्यांना शिकवायचे ते बहुतेक स्वतः शिक्षक होते, आणि शिक्षकाला महिनाभर मोकळा मिळतो तो मे महिन्यातच. म्हणजे ही शाळा मुळात शिक्षकांची. इथे शिकलेला माणूस आपल्या गावी जाऊन आणखी पन्नास जणांना बघायला शिकवील, असा हिशेब त्यामागे होता.

महिनाभरात काय घडते

अभ्यासक्रमाचा आराखडा ढोबळमानाने असा असे. ल्यूमिएर बंधूंची रेल्वेगाडी आणि मेलिएसची जादू इथून सुरुवात. मग ग्रिफिथ, जर्मन अभिव्यक्तिवाद, आयझेनस्टाइनच्या १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधल्या ओडेसाच्या पायऱ्या, 'सिटिझन केन', इटालियन नववास्तववाद, कुरोसावा, फ्रेंच नवी लाट. त्याबरोबर भारतीय चित्रपट : फाळके, प्रभात, न्यू थिएटर्स, गुरुदत्त, राय, घटक. ऋत्विक घटक साठच्या दशकात काही काळ याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, त्यामुळे त्यांच्या चित्रपटांवरची चर्चा इथे घरातल्या माणसाविषयी बोलावे तशी होई.

वर्गाइतकेच शिक्षण वर्गाबाहेर होई. आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली, ज्याला विद्यार्थी विज्डम ट्री म्हणतात, चहाच्या कपांवर मतभेद रंगत. तमिळ प्राध्यापक, बंगाली पत्रकार आणि साताऱ्याकडचा कुणी हिंदीचा शिक्षक एकाच चित्रपटावर तीन निरनिराळी मते घेऊन बसत. त्यांचे एकमत होण्याची गरज नव्हती. प्रत्येकाने आपल्या मताला पडद्यावरचा पुरावा द्यावा, एवढी अट होती. 'मला आवडले' आणि 'मला आवडले नाही' यांच्या पुढचे तिसरे वाक्य शोधणे हा त्या महिन्याचा खरा गृहपाठ होता.

मराठी माणसाला इथे एक वेगळाच धक्का बसे. 'संत तुकाराम' त्याने लहानपणी देवळाच्या पटांगणात किंवा दूरदर्शनवर पाहिलेला असे. आजीने हात जोडलेले असत. १९३६ चा हा चित्रपट, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला, आता त्याच्यापुढे रचना म्हणून येई. दामले-फत्तेलालांनी चमत्कारांच्या बरोबरीने जिजाईचा संसार किती जागा घेऊन मांडला आहे. आजारी पोराला फरफटत नेत, हातात वहाण घेऊन देवाला जाब विचारायला निघालेली ही बाई भक्तिपटाच्या मध्यभागी काय करते आहे. तुकाराम वैकुंठाला जाताना ती चुलीपाशी का आहे. गौरीचा तो ठसका आणि विष्णुपंत पागनीसांचा शांत स्वर एकमेकांना तोलतात, म्हणून तो चमत्कार पटतो. गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी या चित्रपटावर गंभीरपणे लिहिले. आपल्या आजीने जिथे हात जोडले तिथेच जगाचे अभ्यासक थांबून विचार करतात, हे कळल्यावर आजीच्या भक्तीला कमीपणा येत नाही. तिला काय दिसले होते ते आपल्याला थोडे अधिक कळते.

रसास्वाद हा शब्द

या अभ्यासक्रमाला मराठीत आणि हिंदीत 'रसास्वाद' हा शब्द मिळाला, ही मोठी भाग्याची गोष्ट. इंग्रजी संज्ञेत पारख आणि कदर यांचा भाव आहे. रसास्वाद म्हटले की भरताच्या नाट्यशास्त्रापासून अभिनवगुप्तापर्यंतची परंपरा मागे उभी राहते. त्या परंपरेत प्रेक्षक हा निव्वळ घेणारा नाही. तो सहृदय आहे. त्याच्या ठायी तयारी असल्याशिवाय रस निष्पन्नच होत नाही. भरताने तर प्रेक्षकाच्या अंगी कोणते गुण असावेत याचीही चर्चा केली आहे. म्हणजे बघणाऱ्यालाही शिक्षण लागते, ही कल्पना मेरी सीटन विलायतेहून घेऊन आली असे आपण म्हणतो, पण ती इथल्या मातीत मुरलेलीच होती. आपण तिला चित्रपटाच्या दारापाशी अडवून ठेवले होते इतकेच.

मात्र शब्द मराठी आणि शिकवणे इंग्रजी, अशी अवस्था होती. पुण्यातला मुख्य अभ्यासक्रम अखिल भारतीय, त्यामुळे त्याची भाषा इंग्रजी असणे समजण्यासारखे होते. पण त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणचा मराठी शिक्षक दारातच बिचकत असे. हे अंतर तोडायचा प्रयत्न काहींनी केला. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने आणि त्याच्या 'रूपवाणी' या नियतकालिकाने मराठीतून चित्रपटावर गंभीरपणे बोलण्याची जागा तयार केली. मराठीतून रसास्वाद शिबिरे होऊ लागली. इन्स्टिट्यूटचेच माजी विद्यार्थी अरुण खोपकर यांनी 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' लिहून दाखवून दिले की छायाप्रकाश, चौकट, कॅमेऱ्याची हालचाल यांवर उत्तम मराठीत लिहिता येते. त्यांच्या 'चलत्-चित्रव्यूह'ला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा चित्रपटविषयक लेखनाला साहित्याच्या दरबारात आसन मिळाले.

शेजारच्या कर्नाटकाने मात्र याहून धाडसी प्रयोग केला. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांची नीनासम ही नाट्यसंस्था होती. सतीश बहादूर आणि चित्रपट संग्रहालय यांच्या मदतीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे चित्रपट रसास्वादाचे वर्ग भरू लागले, तेही कन्नडमधून आणि सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या, शाळा शिकवणाऱ्या, दुकाने चालवणाऱ्या माणसांसाठी. जगातले नामवंत चित्रपट खेड्यातल्या लोकांनी पाहिले आणि त्यावर ते बोलले. शहरी समजुतीला तो तडाखाच होता. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात पुण्यासारखे केंद्र असून आपल्याकडे एखादे हेग्गोडू का झाले नाही, हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो. आपल्याकडे तमाशाचे फड होते, गावोगावच्या जत्रांत तंबूतले सिनेमे होते, गावगाड्याला पडदा अनोळखी नव्हता. कमी पडले ते कुणीतरी तिथे जाऊन बसण्याची चिकाटी.

संदेश की पाहणे

याच काळात दुसऱ्या बाजूने आणखी एक मोठा माध्यमप्रयोग चालू होता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांचे कार्यक्रम दाखवले गेले आणि त्यांचा परिणाम मोजला गेला. भारतातल्या संज्ञापनशास्त्राला त्यातून मोठी चालना मिळाली. दिल्लीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन १९६५ मध्ये आलीच होती. पुणे विद्यापीठाचे वृत्तपत्रविद्येचे वर्ग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरत होते. नागपुरात तर हिस्लॉप कॉलेजने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच पत्रकारितेचा विभाग काढला होता.

या सगळ्या शिक्षणात मुख्य प्रश्न होता तो संदेश नीट पोचवण्याचा. बातमी कशी लिहावी, कार्यक्रम कसा करावा, लोकांपर्यंत माहिती कशी न्यावी. देश घडवण्याच्या काळात ते रास्तही होते. पण समोरचा माणूस त्या संदेशाकडे कसा पाहतो, त्यातले न बोललेले त्याला दिसते का, आपल्याला भुलवले जात आहे हे त्याला कळते का, ही बाजू लहान राहिली. पुण्याच्या उन्हाळी वर्गाने धरलेले टोक नेमके हे होते. आज मागे वळून पाहिले तर वाटते की या दोन प्रवाहांनी एकमेकांशी अधिक बोलायला हवे होते.

मुंबई विद्यापीठात २००० च्या सुमारास जनसंज्ञापनाची पदवी सुरू झाली, नंतर ती मराठी माध्यमातूनही आली. आता तालुक्याच्या कॉलेजांतही असे वर्ग दिसतात. जाहिरात, जनसंपर्क, संपादन, छायाचित्रण असे पेपर असतात आणि चित्रपट रसास्वादाचाही एखादा पेपर असतो. तो अनेकदा नोट्सवरून शिकवला जातो. आयझेनस्टाइनच्या माँटाजचे पाच प्रकार पाठ असलेला, पण ओडेसाच्या पायऱ्या एकदाही न पाहिलेला विद्यार्थी भेटतो तेव्हा बहादूर यांची आठवण होते. चित्रपट न दाखवता रसास्वाद शिकवणे म्हणजे जेवू न घालता चवीवर प्रश्नपत्रिका काढणे.

जळालेले आणि उरलेले

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. नायट्रेट पेटले की विझवता येत नाही. त्या आगीत मोलाचा ठेवा गेला. ज्या मातीत तो जन्मला त्याच मातीत तो जळाला. त्यानंतर जपणुकीविषयी जाग आली, जुन्या चित्रपटांचे डिजिटल रूपांतर सुरू झाले. नायर ४ मार्च २०१६ रोजी पुण्यातच गेले. बहादूर त्याआधी, २०१० मध्ये. मार्च २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. व्यवस्थापन बदलले, पाटी बदलली. लॉ कॉलेज रस्त्यावरची इमारत आहे, संग्रह आहे, रसास्वादाचे वर्गही निरनिराळ्या रूपांत, निरनिराळ्या शहरांत आणि ऑनलाइनही होत असतात.

परिस्थिती मात्र उलटी झाली आहे. नायरांच्या काळात चित्रपट दुर्मीळ होता आणि बघणाऱ्याकडे वेळ होता. आज 'पथेर पांचाली' खिशातल्या फोनवर आहे आणि वेळ कुणाकडे नाही. सोळा वर्षांचा मुलगा दिवसभरात शेकडो चित्रफिती अंगठ्याने वर सारतो. त्यातली कोणती संकलकाने रचलेली, कोणती खोटी, कोणती यंत्राने तयार केलेली, कोणती त्याच्या रागावर किंवा भीतीवर नेमकी बोट ठेवण्यासाठी बनवलेली, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. 'कॅमेरा इथे का आहे?' हा प्रश्न सत्तरच्या दशकात अभिरुचीचा होता. आज तो नागरिकत्वाचा झाला आहे. दंगलीची म्हणून फिरणारी एखादी चित्रफीत पाहताना, ती कुठून घेतली, तिच्या आधी काय कापले, आवाज त्याच दृश्याचा आहे का, एवढे तीन प्रश्न जरी कुणी विचारले, तरी गावात एक वाईट रात्र टळू शकते. हे तिन्ही प्रश्न मुळात संकलनाच्या टेबलावरचे आहेत.

म्हणून या जुन्या उन्हाळी पाठशाळेकडे पुन्हा पाहावेसे वाटते. तिला मोठा खर्च नव्हता. एक खोली अंधारी करायची, काही चित्रपट निवडून दाखवायचे, ते थांबवून पुन्हा दाखवायचे आणि माणसांना बोलते करायचे. हे पुण्यातच व्हायला पाहिजे असे नाही. बीड, गडचिरोली, सावंतवाडी इथल्या कॉलेजांनाही मे महिन्यात सुट्टी असते आणि वर्गखोल्या रिकाम्या असतात. प्रोजेक्टर आता जवळजवळ सगळीकडे आहे. मराठीत शब्द तयार झाले आहेत, लिहिणारी आणि शिकवू शकणारी माणसे आहेत. चित्रपट तर हाताशीच आहेत. सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांच्याकडे याच्या निम्मीही साधने नव्हती.

रानड्यांनी व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा छापलेला शब्द आणि बोललेला शब्द समाज बदलू शकतो, असा तो विश्वास होता. त्यासाठी ऐकणारा कान तयार करावा लागला. आज आपला समाज बराचसा डोळ्यांनी चालतो. डोळाही तयार करावा लागतो, हे या शहराने काही उन्हाळ्यांत करून दाखवले आहे. तो धडा पुण्याबाहेर न्यायला पुढचा मे महिना पुरेसा आहे.